दिव्यांच्या अवसेचे सूर्यग्रहण

२२ जुलै २००९ रोजी आषाढ अमावास्या होती. मराठी घरांत ही दिव्यांची अवस. आदल्या दिवशी समया, निरांजने, लामणदिवे चिंचेने घासूनपुसून ठेवायचे आणि त्या दिवशी पाटावर मांडून त्यांची पूजा करायची. त्याच दिवशी सकाळी सहा-साडेसहाच्या दरम्यान सुरत, इंदूर, भोपाळ या शहरांवरून चंद्राची दाट सावली पुढे सरकली. खग्रास सूर्यग्रहण होते. पावसाळा असल्याने मार्गावरच्या अनेक गावांत सूर्य ढगांआड राहिला. पण ढगांखालीही भर सकाळी काळोख दाटला आणि काही मिनिटांत तो विरला.

आता पुढे पाहू. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. पंचांग काढून पाहिले तर त्या दिवशीही आषाढ अमावास्याच आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दिव्यांची अवस असेल, तर शेजाऱ्यांच्या हिंदी पंचांगात ती श्रावण महिन्यातली हरियाली अमावस्या असेल. बडोद्यात तिला दिवासो म्हणतील, बेळगावच्या कन्नड घरांत भीमन अमावास्या, हैदराबादच्या तेलुगू घरांत चुक्कल अमावास्या. नावे वेगळी, तिथी तीच. आणि त्या दिवशी पुन्हा सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा या वेळी स्पेन, मोरोक्को, इजिप्त, अरबस्तान असा जाईल. पश्चिम व दक्षिण भारताला दुपार उतरताना खंडग्रास ग्रहण दिसेल.

अठरा वर्षांच्या अंतराने त्याच अवसेला आलेली ही दोन ग्रहणे एकाच मालिकेतली आहेत. ती त्याच अवसेला का आली, हे आपल्या पंचांगातले महिने बोटांवर मोजून सांगता येते. या लेखात आधी तो हिशेब मांडायचा आहे. नंतर शिक्षकांपुढे एक व्यावहारिक प्रश्न ठेवायचा आहे: त्या सोमवारी शाळा भरलेली असेल, सूर्य पश्चिमेकडे कलत असेल आणि मुले पटांगणावर यायला उत्सुक असतील. तेव्हा काय करायचे?

दर अवसेला ग्रहण का नाही

अमावास्येला चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या बाजूला असतो, हे आपण शाळेत शिकतो. मग दर अवसेला ग्रहण का होत नाही, असा प्रश्न वर्गातले एखादे मूल विचारतेच. उत्तरासाठी दोन बांगड्या पुरतात. एकीत दुसरी घालून ती किंचित तिरपी धरा. एक बांगडी म्हणजे आकाशातला सूर्याचा वार्षिक मार्ग, अर्थात क्रांतिवृत्त. दुसरी म्हणजे चंद्राचा मार्ग. दोहोंत सुमारे ५ अंशांचा कोन आहे. दोन्ही बांगड्या समोरासमोरच्या दोनच ठिकाणी एकमेकींना छेदतात. या छेदबिंदूंना ज्योतिषगणितात पात म्हणतात. चंद्र ज्या पातातून उत्तरेकडे चढतो तो राहू आणि ज्यातून दक्षिणेकडे उतरतो तो केतू.

पुराणातला राहू सूर्याला गिळतो. गणितातला राहू हा नुसता एक बिंदू आहे. त्याला वस्तुमान नाही, आकार नाही. पण सूर्य त्या बिंदूजवळ असताना अमावास्या आली तरच ग्रहण होते, एवढ्या अर्थाने राहू-केतूंशिवाय ग्रहण नाही हे खरेच आहे. सूर्य पातापासून सुमारे १५ ते १८ अंशांच्या आत असेल तर अवसेच्या चंद्राची सावली पृथ्वीला कुठे ना कुठे स्पर्श करते. तो त्याहून दूर असेल तर सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते आणि अवस कोरडी जाते.

पंचांग पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: राहू-केतू नेहमी वक्री असतात आणि एका राशीत साधारण दीड वर्ष राहतात. यामागे खगोलीय कारण आहे. चंद्राच्या कक्षेचा कल हळूहळू फिरत असल्यामुळे दोन्ही पात क्रांतिवृत्तावर उलट दिशेने सरकतात आणि १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. सूर्य पुढे जातो आणि राहू त्याच्याकडे मागे येतो, म्हणून राहूपासून निघालेला सूर्य पुन्हा राहूशी पोहोचायला ३६५ दिवस लागत नाहीत, सुमारे ३४६.६ दिवस पुरतात. याला ग्रहणवर्ष म्हणू. राहू आणि केतू समोरासमोर असल्याने याच्या निम्म्या काळाने, म्हणजे साधारण १७३ दिवसांनी, ग्रहणांचा मोसम येतो. वर्षात कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच सूर्यग्रहणे होतात. अर्थात पृथ्वीवर कुठेतरी, आपल्या गावी नव्हे.

ग्रहण खग्रास होईल की कंकणाकृती, हे चंद्राच्या अंतरावर ठरते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे आणि तो आपल्यापासून चंद्राच्या जवळपास ३९० पट दूर आहे, त्यामुळे दोन्ही बिंबे आकाशात अर्ध्या अंशाच्या आसपास, जवळजवळ सारखी दिसतात. चंद्राचे अंतर सुमारे ३,५६,५०० ते ४,०६,७०० किलोमीटर यांच्या दरम्यान बदलते. चंद्र जवळ, म्हणजे नीचाशी असेल तर त्याचे बिंब सूर्याला पूर्ण झाकते आणि खग्रास होते. तो उच्चाशी असेल तर बिंब लहान पडते, कडेला सूर्याची बांगडी उरते आणि कंकणाकृती ग्रहण दिसते. २६ डिसेंबर २०१९ रोजी कासरगोड, कोइंबतूर या भागांतून दिसले ते कंकणाकृती होते.

अवसांचा हिशेब

ग्रहण पुन्हा तसेच व्हायला तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. अमावास्या हवी, सूर्य पाताशी तेवढ्याच अंतरावर हवा आणि चंद्र आपल्यापासून तितकाच दूर हवा. या तिन्ही गोष्टींची चक्रे वेगवेगळ्या लांबीची आहेत. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, सूर्य राहूपासून राहूपर्यंत ३४६.६२ दिवस, चंद्र नीचापासून नीचापर्यंत २७.५५ दिवस.

आता गुणाकार करू.

२२३ चांद्रमास म्हणजे ६५८५.३२ दिवस.
१९ ग्रहणवर्षे म्हणजे ६५८५.७८ दिवस.
नीचापासून नीचापर्यंतच्या २३९ फेऱ्या म्हणजे ६५८५.५४ दिवस.

तिन्ही आकडे अर्ध्या दिवसाच्या आत जुळतात. म्हणजे कोणत्याही सूर्यग्रहणानंतर २२३ अवसा मोजल्या की सूर्य, चंद्र आणि पात जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात आणि जवळजवळ तसेच ग्रहण होते. इंग्रजी तारखांत हा काळ १८ वर्षे ११ दिवस ८ तास भरतो. मधे लीप वर्षे पाच आली तर १० दिवस. आधुनिक खगोलशास्त्र या चक्राला सारोस म्हणते. प्राचीन बाबिलोनच्या निरीक्षकांना १८ वर्षांचे हे चक्र माहीत होते.

हाच हिशेब पंचांगावर मांडू. अठरा वर्षे म्हणजे १८ गुणिले १२, एकूण २१६ महिने. २२३ भरायला सात कमी पडले. हे सात म्हणजे अधिक महिने. जुलै २००९ ते ऑगस्ट २०२७ या काळातले अधिक मास मोजा: २०१० मध्ये वैशाख, २०१२ मध्ये भाद्रपद, २०१५ मध्ये आषाढ, २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण, २०२६ मध्ये ज्येष्ठ. बरोबर सात. २१६ आणि ७ मिळून २२३. म्हणून २००९ च्या दिव्यांच्या अवसेचे ग्रहण २०२७ च्या दिव्यांच्या अवसेलाच परत येते.

दर वेळी असे घडत नाही. अठरा वर्षांत अधिक महिने कधी सात पडतात, कधी सहा. सहा पडले की २२३ वी अवस पुढच्या महिन्यात जाते आणि मालिकेतले पुढचे ग्रहण एक महिना पुढे सरकते. वर्गात जुनी पंचांगे किंवा दिनदर्शिका जमा करून विद्यार्थ्यांकडून हा हिशेब करवून घेता येईल. त्याला बेरीज-गुणाकारापलीकडचे गणित लागत नाही.

एक प्रश्न उरतो. ग्रहण तसेच आहे, मग इंदूरला खग्रास का नाही? याचे उत्तर ६५८५.३२ मधल्या ०.३२ मध्ये आहे. पूर्ण दिवसांवर हे जे सुमारे आठ तास उरतात, तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फेरी फिरते आणि सावली साधारण १२० अंश पश्चिमेला पडते. २००९ च्या ग्रहणाचा मध्य जपानच्या दक्षिणेकडे प्रशांत महासागरात होता, २०२७ चा मध्य इजिप्तमध्ये लक्सरजवळ असेल. याच मालिकेतले १९९१ चे ग्रहण हवाई आणि मेक्सिकोत दिसले होते. तीन सारोस, म्हणजे ५४ वर्षे आणि महिनाभर, मोजले की तीन वेळचे आठ तास मिळून पूर्ण दिवस होतो आणि सावली पुन्हा जवळपास त्याच रेखांशांवर येते. मात्र उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकून. याच मालिकेतले १९५५ चे ग्रहण सकाळी श्रीलंकेतून दिसले आणि ५४ वर्षांनी त्याचा वारस इंदूरला सकाळीच आला. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास दुसऱ्या एका मालिकेतले. कारवार-हुबळीकडून हैदराबादच्या बाजूने ओरिसाकडे गेलेली ती सावली ५४ वर्षांनी, २० मार्च २०३४ रोजी, उत्तरेला सरकून काश्मीर-लडाखच्या भूमीवर पडेल.

ही पुनरावृत्ती अचूक नसते. १९ ग्रहणवर्षे आणि २२३ चांद्रमास यांत जो अर्ध्या दिवसाचा फरक आहे, त्यामुळे दर फेरीत सूर्य पातापासून अर्धा अंश सरकतो. एका ध्रुवाजवळ सुरू झालेली मालिका सत्तरएक ग्रहणे करत, सुमारे बाराशे वर्षांनी दुसऱ्या ध्रुवाजवळ संपते.

पंचांगकर्त्याची परीक्षा

सारोसने ग्रहण कोणत्या अवसेला होईल ते कळते. आपल्या गावी किती वाजता स्पर्श, किती ग्रास, किती वाजता मोक्ष, हे सांगायला सूर्य-चंद्रांची त्या दिवसाची नेमकी स्थिती काढावी लागते. हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झाले आहे. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट लिहिले आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास रचलेला ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ ज्या-चापांच्या किचकट आकडेमोडीशिवाय ग्रहणे काढू देतो. म्हणूनच महाराष्ट्राबाहेरही दूरवर पंचांगकर्त्यांनी तो शतकानुशतके वापरला.

गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ. त्यांनी स्वतः आकाशाचे वेध घेऊन जुन्या ग्रंथांवरून येणारी ग्रहस्थिती आणि प्रत्यक्ष दिसणारी स्थिती यांतला फरक तपासला. मुलाचा ग्रंथ या पायावर उभा राहिला. पंचांगकर्त्यांचा यासाठी एक जुना शब्द आहे: दृक्प्रत्यय. गणिताने आलेले डोळ्यांना पटले पाहिजे. तिथी तासाभराने चुकली तर सामान्य माणसाला कळत नाही, कारण तिथी आकाशात लिहिलेली नसते. ग्रहण मात्र सगळा गाव पाहू शकतो. पंचांगात दिलेल्या वेळी सूर्याची कडा कुरतडली गेली नाही, तर गणित जुने झाले हे चारचौघांत उघड होते. ग्रहण ही पंचांगाची जाहीर परीक्षा होती.

ही परीक्षा गांभीर्याने घेणाऱ्यांनीच गणित पुढे नेले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणली आणि युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे गणित करण्याची सोय केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या सगळ्या परंपरेचा इतिहास मराठीत लिहिला. बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या मानांवर संस्कृतात गणितग्रंथ रचले. उज्जैनच्या जयसिंहाच्या वेधशाळेचा १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाच्या आश्रयाने जीर्णोद्धार झाला, त्यामागे गोविंद सदाशिव आपटे यांचे परिश्रम होते. नांदगाव, बागलकोट, उज्जैन ही नावे पाहिली तर ध्यानात येते की मराठी माणसांनी हे काम आजच्या राज्यसीमांच्या दोन्ही बाजूंना केले.

‘वेध’ या शब्दाकडे भाषेच्या अभ्यासकांनी थोडे थांबून पाहावे. ग्रहणाचे वेध लागतात, म्हणजे ग्रहणाआधीचा काही काळ नियमांचा मानला जातो. हे वेध पाळायचे असतात. पण वेध घेतलाही जातो आणि जिथे घेतला जातो ती वेधशाळा. पाळायचे वेध कधी सुरू होतात, हे पंचांगात छापता येते ते कुणीतरी कधीतरी आकाशाचा वेध घेतला म्हणून. त्या सगळ्या पिढ्यांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या असत्या, तर पंचांगात ग्रहणाची वेळ लिहिताच आली नसती.

सावलीच्या वाटेवरची आपली गावे

वेळ आणि वाट आधी कळली की माणसे सावलीच्या वाटेवर जाऊन उभी राहतात. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेले. त्या दिवशी पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापुरात कॅप्टन हेग, निजामाच्या मुलखातल्या वनपर्तीत चिंतामणी रघुनाथाचारी आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन दुर्बिणी लावून सज्ज होते. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या लाल ज्वाला तप्त वायूंच्या आहेत, हे त्या दिवशी वर्णपटदर्शकातून दिसले. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ती आधी सोडियमची वाटली. पुढे ती तेव्हा पृथ्वीवर न सापडलेल्या मूलद्रव्याची ठरली आणि त्या मूलद्रव्याला हेलियम हे नाव मिळाले.

विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लॉकियर यांनी १८६८ च्या ग्रहणात हेलियमचा शोध लावला, असे शाळांतल्या भाषणांत पुष्कळदा ऐकू येते. यात दोन ग्रहणे एकत्र झाली आहेत. लॉकियर यांनी ती पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसतानाच पाहिली. विजयदुर्गावर ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्याआधी, १८९५ मध्ये, रॅमसे यांनी हेलियम प्रयोगशाळेत वेगळा केलेला होता. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे उणे होत नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ देऊन होते. भारतीय शास्त्रज्ञाने नेतृत्व केलेली ती महत्त्वाची मोहीम, पण तिचा उल्लेख आपल्या भाषणांत क्वचितच येतो. या ग्रहणाचा हिशेबही वरच्या रीतीने पाहता येईल: १८९८ मध्ये १८ ची पट सात वेळा मिळवली की २०२४ येते. ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको, अमेरिका आणि कॅनडातून दिसलेले खग्रास ग्रहण विजयदुर्गाच्या मालिकेतलेच होते.

१९८० च्या ग्रहणात हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूर वेधशाळेत उस्मानिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निरीक्षणे केली. त्याच वेळी देशभर अनेक शहरांतले रस्ते ओस पडले होते आणि मुले घरात कोंडली गेली होती. एका बाजूला वेध घेतला जात होता, दुसऱ्या बाजूला लोक दारे लावून बसले होते.

डोळ्यांना धोका कशाचा

मुलांना घरात ठेवणाऱ्यांची भीती पूर्णपणे निराधार नव्हती. ग्रहणात सूर्यातून निराळे किरण निघत नाहीत. अन्न बिघडत नाही, पाणी दूषित होत नाही, गर्भवती स्त्रीला किंवा गर्भाला इजा होत नाही. पण सूर्याकडे टक लावून पाहिल्याने डोळ्याला इजा होते, हे खरे आहे. आणि माणूस सूर्याकडे टक लावून पाहतो तो ग्रहणाच्या दिवशीच. एरवी सूर्याकडे नजर गेली की डोळे आपोआप मिटतात. बिंबाचा बराच भाग झाकला गेला की उजेड सुसह्य वाटतो आणि डोळे मिटत नाहीत. उरलेल्या कोरीचा प्रत्येक बिंदू मात्र तितकाच प्रखर असतो. डोळ्यातले भिंग तो प्रकाश दृष्टिपटलाच्या एवढ्याशा जागेवर एकवटते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून पाहताना काहीच जाणवत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, अक्षरे वाकडी दिसतात, आणि काहींच्या बाबतीत हा डाग कायमचा राहतो.

म्हणून कोणत्या साधनातून पाहायचे याला फार महत्त्व आहे. सूर्य पाहण्याच्या चष्म्यांसाठी आयएसओ १२३१२-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार चष्म्यातून दृश्य प्रकाशाचा जास्तीत जास्त ०.००३२ टक्के, म्हणजे सुमारे एकतीस हजारांतला एक भाग, आत यायला हवा. शिवाय अवरक्त आणि अतिनील किरणही अडायला हवेत. या आकड्याशी आपले घरगुती उपाय ताडून पाहा. परातीत पाणी घेऊन त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याची जुनी पद्धत आहे. कुणी त्यात हळद टाकतात, कुणी शेण कालवतात. सूर्य वर असताना स्वच्छ पाण्यावरून साधारण दोन टक्के, म्हणजे पन्नासांत एक भाग प्रकाश परत येतो. मानकाच्या मर्यादेपेक्षा हा सहाशे पटींहून अधिक आहे, आणि सूर्य कलला की पाणी आणखी जास्त प्रकाश परतवते. ज्या कुटुंबाने परात मांडली त्याने पाहण्याची इच्छा ठेवली, हे चांगलेच. पण परात सुरक्षित नाही.

काजळी धरलेली काच, एक्सरेची फिल्म, छायाचित्रांच्या जुन्या पट्ट्या, नेहमीचा काळा चष्मा, सीडी यांपैकी काहीही वापरू नये. काळे दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. यांतल्या कित्येकांतून न दिसणारे अवरक्त किरण सहज आत येतात. वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच चालते. प्रमाणित ग्रहणचष्माही वापरण्यापूर्वी तपासावा: त्यातून घरातला दिवा दिसता कामा नये, सूर्य सोडून काहीच दिसता कामा नये. चष्म्याला ओरखडा, भोक किंवा घडी पडली असेल तर तो टाकून द्यावा. ग्रहणचष्मा लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून कधीही पाहू नये. दुर्बीण एकवटलेला प्रकाश चष्मा क्षणात जाळते. दुर्बिणीसाठीचा गाळक दुर्बिणीच्या पुढच्या, म्हणजे सूर्याकडच्या तोंडावर बसवावा लागतो.

खग्रास अवस्थेत, सूर्य पूर्ण झाकलेला असताना, नुसत्या डोळ्यांनी पाहता येते, हे वाक्य विद्यार्थी कुठेतरी वाचतील. ते खरे आहे, पण खग्रास पट्ट्यातल्या माणसांसाठी आणि त्या काही मिनिटांपुरतेच. २०२७ चे ग्रहण भारतात सर्वत्र खंडग्रासच आहे. इथे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याजोगा एकही क्षण नाही. हे मुलांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे.

शाळेच्या भिंतीवर सूर्य

सगळ्या वर्गाला पुरतील एवढे चष्मे मिळाले नाहीत तरी अडत नाही. सूर्याकडे न पाहता सूर्य पाहण्याची सोय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. चाळणी उन्हात धरून तिची सावली फरशीवर पाडा. ग्रहण सुरू झाले की प्रत्येक भोकाखाली एकेक लहानसा सूर्य कडा कुरतडलेला दिसेल. दाट झाडाच्या पानांच्या फटींतूनही जमिनीवर असेच शेकडो चंद्रकोरी सूर्य पडतात. पाठ सूर्याकडे आणि नजर जमिनीकडे, एवढा नियम पुरे.

याहून मोठे चित्र हवे असेल तर एक लहान आरसा घ्या. त्यावर जाड कागद चिकटवा आणि कागदाला साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे भोक पाडा. आरसा बाहेर उन्हात पक्का बसवून त्याचा कवडसा खिडकीतून अंधाऱ्या वर्गाच्या समोरच्या भिंतीवर पाडा. आरशापासून भिंत १० मीटरवर असेल तर सूर्याचे बिंब सुमारे ९ सेंटिमीटरचे मिळते; अंतर वाढवले की बिंब त्याच प्रमाणात वाढते. भिंतीवर पांढरा कागद लावून दर पाच मिनिटांनी बिंबाची कड पेन्सिलीने रेखायची आणि बाजूला वेळ लिहायची. आरशाकडे कुणी वाकून पाहणार नाही, एवढी काळजी मात्र एका शिक्षकाने घ्यावी.

ग्रहण संपेल तेव्हा त्या कागदावर ग्रहणाची पूर्ण कहाणी असेल, आणि तिला लागणारे सगळे शब्द आपल्या भाषेत तयार आहेत. चंद्राची कड सूर्याला पहिल्यांदा लागते तो स्पर्श. ग्रास सर्वांत मोठा असतो तो मध्य. शेवटची कड सुटते तो मोक्ष. खग्रास ग्रहणात आणखी दोन क्षण असतात: बिंब पूर्ण मिटते ते संमीलन आणि पुन्हा उघडते ते उन्मीलन. डोळ्याच्या पापण्यांवरून घेतलेले हे दोन शब्द पंचांगापलीकडे फारसे कुणाला माहीत नाहीत. पाठ्यपुस्तकांतून आणि लेखांतून ते वापरात आले तर इंग्रजीतल्या ‘दुसरा स्पर्श’, ‘तिसरा स्पर्श’ अशा आकड्यांपेक्षा विद्यार्थ्याला घटना अधिक चटकन कळेल. पंचांगाच्या त्या दिवसाच्या पानावर आपल्या शहराची स्पर्शाची आणि मोक्षाची वेळ छापलेली असेल. मुलांनी भिंतीवरच्या कागदावर नोंदलेली वेळ तिच्याशी ताडून पाहावी. केशव दैवज्ञांनी केले ते याच जातीचे काम होते.

ग्रहणात स्नान, जप, दान करावे की नाही, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि शाळेने त्यात पडण्याचे कारण नाही. ‘दे दान, सुटे गिराण’ ही जुनी हाक ज्यांनी गल्लीत ऐकली आहे, त्यांना तिच्यात गरजू माणसाची आठवणही ऐकू येते. घरचे आचार सांभाळूनही मूल पंधरा मिनिटे अंधाऱ्या वर्गात बसून भिंतीवरचा सूर्य पाहू शकते. त्यासाठी पालकांना आठवडाभर आधी मराठीत, साध्या शब्दांत एक चिठ्ठी पाठवावी: ग्रहण कशामुळे, डोळ्यांना धोका कशाचा, आपण कसे पाहणार आहोत. अशी चिठ्ठी घरी वाचली गेली तर शाळेतून मूल घरी बोलावून घेण्याचे प्रमाण कमी होईल.

पावसाळ्याचे दिवस आहेत. २००९ प्रमाणे ढग आड येतील, हेही धरून चालावे. तसे झाले तर पंचांगे काढून अवसांचा हिशेब करवून घ्यावा आणि पुढची तारीख वहीत लिहून ठेवावी: २१ मे २०३१ रोजी केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल. आकाश मोकळे राहिले तर त्या सोमवारी संध्याकाळी घरी पाटावर दिवे मांडले जातील, तेव्हा एखादे मूल सांगेल की आज सूर्य इतक्या वाजता सुटला, आणि वेळ पंचांगाशी जुळली.